कुरिशुमला आश्रम, वागमोन : एका गोठेवाल्याचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा केरळातल्या डोंगरावरचा कॅथलिक संन्याशांचा आश्रम आहे, आणि मी काय फार धार्मिक माणूस नाही, ख्रिश्चन तर नाहीच. वाळवा तालुक्यात आमचा गोठा आहे. एकेकाळी २२ जनावरं होती, २०२२ ला लंपी (जनावरांचा त्वचेचा रोग) आला त्यात ३ गेली, मग दुधाचा दर पडला, मग मी वैतागून निम्मी विकून टाकली आणि आता ९ वर आलोय. त्यामुळं हा रिव्ह्यू ध्यानधारणा, मनःशांती वगैरे शोधणाऱ्यांना कितपत कामाचा आहे माहीत नाही. मला जे कळतं त्यावरनं लिहितोय, आणि मला गाई कळतात.

मॅपवर ५ पैकी ४ स्टार दिलेत. एक स्टार माझ्या गुडघ्यांनी कापलाय, त्यात आश्रमाचा काही दोष नाही, ते खाली येईलच.

तर झालं असं की माझा एक वसईचा दोस्त आहे, कॅथलिक, आम्ही दोघं पूर्वी एकाच डेअरीत केमिस्ट होतो, दुधातलं फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि बाकीचे घनपदार्थ) काढायचो. मी जनावरं विकतोय कळल्यावर त्याचा फोन आला. म्हणला, सगळी विकायच्या आधी एकदा केरळात जाऊन ये, तिथं डोंगरावर आमचे संन्यासी आहेत, ते गाई पाळतात. मी म्हणलं संन्यासी आणि गाई यात नवीन काय आहे, आपल्याकडं गल्लोगल्ली गोशाळा आहेत. तर म्हणला अरे गोशाळा नाही, डेअरी. दूध विकून जगतात ते. आता हे ऐकून मात्र मला उत्सुकता वाटली, कारण दूध विकून जगता येतं यावरचा माझा विश्वासच उडाला होता.

जायचं कसं ते सांगतो. मिरजेतनं पूर्णा एक्सप्रेस आहे, पुणे-एर्नाकुलम, आठवड्यातनं एकदाच, त्यामुळं तिच्या हिशोबानं प्लॅन करायचा. एर्नाकुलमला उतरून सरकारी बसनं कोट्टायम, तिथनं ईराट्टुपेट्टा आणि तिथनं घाट. घाट म्हणजे एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, असा. वागमोन साधारण ११०० मीटर उंचीवर आहे. मी गेलो फेब्रुवारीत, दिवसा ऊन आणि रात्री थंडी, एक जाड पांघरूण घेऊन गेलो ते बरं झालं. पावसाळ्यात जाऊ नका असं मला तिथल्या प्रत्येकानं सांगितलं, जळवांच्या खुणा दाखवून सांगितलं.

एक गोष्ट लक्षात ठेवा, कुरिशुमला हे आश्रमाचं पण नाव आहे आणि डोंगराचं पण. कुरिशु म्हणजे क्रूस, मला म्हणजे डोंगर. गुड फ्रायडेला हजारो माणसं तो डोंगर चढतात. मी एका जीपवाल्याला नुसतं कुरिशुमला म्हणलं तर त्यानं मला डोंगराच्या पायथ्याला सोडलं, पैसे घेतले आणि गेला निघून. बॅग, पांघरूण आणि दोस्तासाठी घेतलेल्या केळ्याच्या वेफर्सच्या दोन पिशव्या घेऊन मी उलटं चालत आलो. तेव्हा "आश्रम" हा शब्द लावायला विसरू नका, मल्याळममध्ये पण आश्रमच म्हणतात. आणि आधी विचारून, होकार आल्यावरच जा, हे रिसॉर्ट नाही.

आता थोडं मठ म्हणजे काय ते, कारण मलाही माहीत नव्हतं, आपल्याला सगळे फादरच वाटतात. दोस्तानं फोनवर समजावलं ते असं की चर्चमधले फादर म्हणजे बदली होणारे, आज या गावात उद्या त्या, लग्नं लावायची, बाप्तिस्मे करायचे, शाळा बघायच्या. हे जे मठवासी आहेत ते बदली न होणारे. एकदा एका मठात शपथ घेतली की मरेपर्यंत तिथंच, त्याच माणसांबरोबर, आणि जाताना तिथल्याच मातीत. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट म्हणून होते, त्यांनी मठासाठी नियम लिहिला, ७३ छोटी छोटी प्रकरणं, आणि आजही जगभर त्यावर मठ चालतात. त्यातल्या ४८ व्या प्रकरणात सरळ म्हणलंय की स्वतःच्या हातच्या कष्टावर जगाल तेव्हाच खरे मठवासी. हे मला आवडलं, म्हणजे पावती पुस्तक घेऊन दारोदार नाही.

कुरिशुमला ज्यांनी सुरू केलं ते फ्रान्सिस आचार्य, मूळ आडनाव माह्यू, बेल्जियमचे. जन्म १९१२ चा, गाव ईप्र, म्हणजे पहिल्या महायुद्धात जे धुळीला मिळालं ते. १९३५ मध्ये ते स्कूरमों नावाच्या मठात दाखल झाले. आता गंमत बघा, हा मठ ट्रॅपिस्ट लोकांचा, म्हणजे त्यातल्या त्यात कडक शिस्तीचे. १८६२ पासून तिथं बिअर बनते आणि १८७६ पासून चीज, शिमे नावानं जगभर विकतात दोन्ही. म्हणजे दुधाचा धंदा ह्या माणसाच्या घराण्यातच म्हणायचा. बिअर काय इथं आली नाही (मी विचारलं नाही, पण सगळीकडं बघितलं).

१९५५ ला ते भारतात आले. त्याआधी बरीच वर्षं मागं लागले होते, परवानगी मिळत नव्हती. आल्यावर काही काळ तमिळनाडूत कावेरीकाठी शांतिवनम म्हणून आश्रम आहे, दोन फ्रेंच फादरांनी १९५० ला काढलेला, तिथं राहिले. मग १९५८ मध्ये बीड ग्रिफिथ्स नावाच्या इंग्रज मठवाशाला बरोबर घेऊन या डोंगरावर आले. भगवी वस्त्रं, अनवाणी, जमिनीवर बसणं, शाकाहार, सगळं आपल्या पद्धतीनं. ग्रिफिथ्स १९६८ ला शांतिवनमला गेले आणि पुढं जगभर प्रसिद्ध झाले. फ्रान्सिस इथंच राहिले. ३१ जानेवारी २००२ ला गेले तेव्हा नुकतेच ९० पूर्ण झाले होते. म्हणजे ४४ वर्षं एका डोंगरावर. पुस्तकं वाचणाऱ्या लोकांना ग्रिफिथ्स जास्त माहीत असतात असं दिसतं, मला मात्र हा दुसरा माणूस जवळचा वाटला. गोठा असलेला माणूस कुठं जाऊ शकत नाही हे मला माहिताय, माझ्या सख्ख्या मेहुणीच्या लग्नात मी अक्षता टाकून संध्याकाळच्या धारेला घरी आलोय, अजून ऐकून घेतो त्यावरनं.

ते आले तेव्हा इथं नुसते गवताचे उघडे माळ होते म्हणे, वारा आणि पाऊस. त्यावर त्यांनी चारा केला, जर्सीच्या संकराच्या गाई केल्या. ६० च्या दशकात केरळात संकराचं वारंच होतं, मुन्नारजवळ माट्टुपेट्टीला १९६३ मध्ये इंडो-स्विस प्रोजेक्ट सुरू झाला त्यातनं सुनंदिनी गाय आली, आपल्या क्षेत्रातल्या लोकांना हे नाव माहीत असेल. आश्रमाच्या गोठ्याचा फायदा असा झाला की आसपासच्या गरीब घरांनाही गाई पाळायचा रस्ता दिसला. सेवा म्हणलं की आपल्या डोळ्यासमोर दवाखाना, शाळा, अन्नदान येतं. इथं सेवा म्हणजे ज्याच्याकडं काही नव्हतं त्याच्या दारात दुभती गाय. मला विचाराल तर यात जास्त अक्कल लागते, कारण गाय दिली की चारा, डॉक्टर, रेतन आणि दूध घेणारा, हे सगळं आलंच, नाहीतर तीन महिन्यात गाय बाजारात.

आता गोठा. कुणाच्याही घरी गेलो की मी आधी गोठ्यात जातो, बैठकीची खोली सगळेच झाडून ठेवतात. पहिल्या दिवशी संध्याकाळी पाहुण्यांची व्यवस्था बघणारे जे तरुण ब्रदर होते त्यांना मी म्हणलं, मला गाई बघायच्यात. त्यांनी माझ्याकडं जरा निरखून बघितलं. बहुतेक पाहुणे डोंगर बघायचे म्हणतात, सूर्यास्त कुठनं चांगला दिसतो विचारतात.

गेलो. पहिली गोष्ट वास. गोठ्याला वास असतोच, पण शेणाचा वास वेगळा आणि सडलेल्या शेणाचा वेगळा, इथं पहिला होता. दुसरी गोष्ट गाईंच्या मांड्या. मांडीवर वाळलेल्या शेणाची पापुद्री दिसली की समजायचं माणूस आळशी आहे, इथं नव्हती. तिसरं, आम्ही आत गेल्यावर गाई दचकल्या नाहीत. एकीनं मान वळवली, बघितलं, परत खाली घालून कुट्टी खायला लागली. जिथं आरडाओरडा असतो, काठी असते, तिथं अनोळखी माणूस दिसला की जनावर मागं सरतं. हे तुम्हाला कुठल्या कागदावर दिसणार नाही.

तिथं एक वयस्कर ब्रदर कॅन धूत होते. भगवा पंचा गुडघ्यावर घेतलेला, हातात काथ्या. मी उभा राहून बघत बसलो, कारण कॅन धुणं हा माझा आयुष्यभराचा भांडणाचा विषय आहे. गडी लोक काय करतात, आत पाणी फिरवतात आणि पालथा घालतात. झाकणाच्या आतल्या कडेला जी खाच असते, तिथं दुधाचा पिवळा थर धरतो, नखानं निघतो, आणि त्यानंच सकाळचं दूध नासतं, मग दूध संघवाला म्हणतो तुमचं दूध परत. ह्या ब्रदरांनी ती खाच काथ्याच्या टोकानं गोल गोल घासली, पाणी ओतलं, उजेडात धरून बघितलं आणि परत घासली. कुणी बघायला नाही, कुणी पगार कापणारा नाही. मी खुणेनं विचारलं दोनदा का. त्यांना हिंदी येत नव्हतं, माझं इंग्रजी असं तसं. त्यांनी हसून तरुण ब्रदरांना काहीतरी सांगितलं आणि त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं की बेनेडिक्टच्या नियमाच्या ३१ व्या प्रकरणात लिहिलंय, मठातली सगळी भांडी-अवजारं वेदीवरच्या पवित्र भांड्यांसारखी समजायची.

मी म्हणलं शेणाची पाटी पण? तर म्हणाले सगळी म्हणलंय, पाटी वगळलेली नाही.

मला यावर आपले सावता माळी आठवले, आणि गाडगेबाबांचा खराटा पण. पण एक फरक जाणवला तो असा की आपल्याकडं असा एखादा संत होऊन जातो आणि आपण त्याचा फोटो लावतो. इथं ते रोस्टरमध्ये टाकलंय. आज कॅन कुणी, उद्या स्वयंपाक कुणी. भक्ती वाटो न वाटो, तुमचा वार आला की घासायचं. दीड हजार वर्षं टिकलंय ते यामुळंच असावं, असं आपलं मला वाटतं.

प्रार्थनेचं सांगतो. पहाटे अंधारात घंटा होते. मला उठायचा त्रास नाही, चारला उठायची सवयच आहे, उलट पाहुण्यांमध्ये वेळेवर तयार असलेला मी एकटाच. चप्पल बाहेर, आत चटया, दिवा, धूप. हा आश्रम मलंकरा कॅथलिक (केरळातली कॅथलिकांची एक शाखा) पद्धतीचा, म्हणजे प्रार्थना सिरियाक परंपरेची. सिरियाक ही येशूच्या अरामी बोलीच्याच कुळातली भाषा. आता बरंचसं मल्याळममध्ये म्हणतात पण मधे मधे जुने शब्द येतात, "कुरियेलायसोन" परत परत येतं, तो मूळचा ग्रीक, देवा दया कर असा अर्थ. पहिल्या दिवशी मला ते कुणाचं तरी नाव वाटलं. संध्याकाळच्या प्रार्थनेला रम्शो म्हणतात, सकाळच्या प्रार्थनेला सप्रो. चाल आपल्या काकड्यासारखी नाही, टाळ-मृदंग नाही, दोन बाजूला बसून एक बाजू म्हणते आणि दुसरी उत्तर देते, असं चालतं. ज्यांना यात खोलात जायचंय त्यांच्यासाठी, या सिरियाक प्रार्थना फ्रान्सिस आचार्यांनी चार खंडात इंग्रजीत आणल्यात. गाई सांभाळून हे कधी केलं असेल देव जाणे. १९९८ मध्ये हा आश्रम अधिकृतपणे ट्रॅपिस्ट संघात घेतला, म्हणजे चाळीस वर्षं डोंगरावर काढल्यावर माणूस परत आपल्या जुन्या घराण्याला जोडला गेला, तेव्हा वय ८६.

आणि आता माझा कापलेला स्टार. जमिनीवर बसायचं, उठायचं, मधेच कपाळ टेकवून लोटांगणासारखा नमस्कार, परत उठायचं. माझा डावा गुडघा म्हशीनं लाथ घातल्यापासून दुमडत नाही नीट. दुसऱ्या दिवशी मी मागं भिंतीला टेकून पाय पसरून बसलो, कुणी काही बोललं नाही. एक ब्रदर येऊन घडी केलेलं पोतं गुडघ्याखाली ठेवून गेले, तेही न बोलता. पोतं पेंडीचं होतं, वासावरनं ओळखलं.

न बोलणं हा इथला मुख्य पदार्थ आहे, ज्यांना बडबडीची सवय आहे त्यांनी विचार करून जा. जेवण पण शांततेत. भात, भाजी, ताक, संध्याकाळी कांजी आणि मूग. तिखट खाणाऱ्या माणसाला सपक लागेल, मी तिसऱ्या दिवशी स्वप्नात भाकरी आणि खर्डा बघितला, खरं सांगतो. पण दूध! आता मी दुधाचं कौतुक सहसा करत नाही, पण चहात घातल्यावर जो रंग येतो त्यावरनं कळतं पाणी पडलंय का नाही. पाणी पडलेलं नाही.

आप्पांचा, म्हणजे वडिलांचा रोज फोन. मी गेटच्या बाहेर येऊन घ्यायचो. पहिलाच प्रश्न, "धर्म बदलायला लावत्यात काय रं?" मी म्हणलं आप्पा, इथं कोण बोलायलाच तयार नाही, बदला म्हणून सांगणार कोण. दुसरा प्रश्न, "भगवं घालत्यात म्हणं, मग ते आपल्यातलं का त्यांच्यातलं?" हे मात्र मला लगेच सांगता आलं नाही. आप्पांना मी रेव्हरंड टिळकांचं उदाहरण दिलं, आपले ना. वा. टिळक, त्यांनी पण १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला होता आणि देवाचा दरबार काढला होता. ते कॅथलिक नव्हते, पंथ वेगळा, पण ख्रिस्ती माणसानं संन्यासी व्हायचं हे आपल्या मराठीतही होऊन गेलंय. आप्पा म्हणाले "बरं. गाईला फॅट किती लागतं त्यांच्या?" विषय संपला.

फॅटचा आकडा मी विचारला होता पण तो इथं टाकत नाही, त्यांचा धंदा आहे.

एक प्रश्न माझ्या डोक्यात घोळत होता तो तिसऱ्या दिवशी विचारला. बेनेडिक्टच्या नियमात असं आहे की घंटा ऐकली की हातातलं काम तसंच टाकून प्रार्थनेला जायचं, प्रार्थनेच्या पुढं काही नाही. मी त्या तरुण ब्रदरांना म्हणलं, आणि धार अर्धी झाली असली तर? आता ज्याला माहीत नाही त्याला सांगतो, गाय पान्हवली की पाच-सात मिनिटं, तेवढ्यात दूध काढून घ्यायचं, अर्धं सोडलं तर ते कासेत राहतं आणि मग कास सुजते. ब्रदर म्हणाले, गाईला घंटा कधी होते ते माहीत असतं, त्याच्या आत ती मोकळी होते. मला वाटलं चेष्टा करतायत. दुसऱ्या दिवशी पहाटे घड्याळ लावून बघितलं. शेवटची गाय सुटली, हात धुतले, पंचा झटकला आणि घंटा वाजली. सेकंदाचं काम. साठ-पासष्ट वर्षं रोज त्याच वेळेला त्याच गोष्टी केल्यावर जनावरालाही सवय लागणारच, यात चमत्कार नाही, पण मी माझ्या गोठ्यात पाच-दहा मिनिटं इकडं तिकडं करतो रोज, कधी मोबाईलमुळं, कधी कंटाळा म्हणून, आणि मग गाय दूध चोरते म्हणून तिलाच शिव्या देतो.

कासदाहाचा विषय निघाला म्हणून मी त्यांना आपला कोरफडीचा लेप सांगितला, २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद, १५ ग्रॅम चुना, मिक्सरला फिरवून दिवसातनं आठ-दहा वेळा पातळ करून लावायचा. मी फार ऐटीत सांगितला. त्यांना आधीच माहीत होता. वर मलाच विचारलं, लावायच्या आधी दरवेळी सडातलं दूध काढून टाकता ना? म्हणलं हो. (टाकत नव्हतो.)

कुणी जावं? ज्याला एकटं बसवतं त्यानं. लहान मुलं घेऊन जाऊ नका, त्यांच्यावर अन्याय होईल. फोटो काढायला जाणारे लोक बाहेर वागमोनला भरपूर आहेत, पाईनचं जंगल आहे, हिरवे टेकाड आहेत, तिकडंच करा ते. फ्रान्सिस आचार्यांची समाधी आश्रमातच आहे, साधी आहे, मला वाटलं होतं मोठा पुतळा वगैरे असेल.

आश्रम सोडायच्या दिवशी सकाळी मी गेटवर आलो. अजून दोन दिवस राहता येईल का विचारायचं मनात होतं, पूर्णाला अवकाश होता. पाहुण्यांचे ब्रदर सोडायला आले होते. मी विचारायच्या आधी त्यांनीच विचारलं, तुमच्या नऊ गाई, आत्ता धार कोण काढतंय?

म्हणलं बायको.

आणि वैरण?

म्हणलं तीच.

त्यांनी घाटाकडं बघितलं आणि म्हणाले, ईराट्टुपेट्टाची बस आत्ता येईल, पळा.